मापसाहेबांचा कॅमेरा

मापसाहेबांना कोणी फसवू शकत नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे स्वतः मापसाहेब. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. दुकानदारांचे तराजू तपासायचे, लिटरची मापं पाण्याने भरून बघायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा आणि खोटी निघाली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. इमारतीतली मुलं 'निरीक्षक' हा शब्द ऐकून त्यांना पोलीस समजायची. ती चूक दुरुस्त करावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

ऑफिसातली ही सवय घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. दुधाची पिशवी आली की मापसाहेब ती आधी काट्यावर ठेवत. शिंप्याकडून शर्ट आला की बाही टेपने मोजत. बायकोने चहात साखर कमी घातली तर 'कमी आहे' असं न म्हणता 'तफावत आहे' असं म्हणत. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे तिला उजाड प्रदेशांची सवय होती. ती नुसती बघायची आणि बरणी पुढे सरकवायची.

घरात तिसरे म्हणजे आप्पा, मापसाहेबांचे वडील. मागे एकदा आप्पा भर दुपारी हॉलमध्ये घसरून पडले, आणि सूनबाई शाळेतून येईपर्यंत तिथेच सोफ्याचा पाय धरून पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण घरच्यांचा धीर मोडला. तेव्हापासून दिवसा आप्पांकडे कोण बघणार, हा घरातला एकमेव खरा प्रश्न होऊन बसला. त्यावर उपाय म्हणून मापसाहेबांनी हॉलमध्ये एक स्मार्ट कॅमेरा बसवला. फोनवर हॉल दिसायचा, आणि फोनमध्ये बोललं की कॅमेऱ्यातून आवाज यायचा.

कॅमेरा कुठे बसवावा यावरही बराच सल्लामसलतीचा कार्यक्रम झाला. समोरच्या काकूंचं म्हणणं, तो देवघराकडे तोंड करून नको. आप्पांचं म्हणणं, तो नकोच. शेवटी मापसाहेबांनी टेप आणि पाणसळ घेऊन शोकेसच्या वर जागा ठरवली आणि त्या दिवसापासून रोज दुपारी ऑफिसात फोन उघडून ते आपलं कर्तव्य पार पाडू लागले. "आप्पा, जेवलात का? बरं." एवढं बोलून ते बटण बंद करत. 'का' आणि 'बरं' यांच्यामध्ये आप्पांना तोंड उघडण्यापुरतीच सवड मिळे. उघडलेलं तोंड मिटून आप्पा पुन्हा पेपर वर धरत.

हे असंच सुरळीत चाललं असतं, पण वरच्या मजल्यावर विमावाले राहत होते.

विमावाले एकटे होते, गोल होते आणि बोलके होते. आयुष्यभर त्यांनी विमा विकला होता आणि अजूनही विकत होते. इमारतीत त्यांना पाठीमागे 'पॉलिसी' म्हणत. पॉलिसी लिफ्टमध्ये आहे असं कळलं की लोक जिना धरत, आणि जिन्यात आहे असं कळलं की लिफ्टची वाट बघत. मापसाहेब तर त्यांचा फोन आला की न उचलता कापत. घरी मात्र त्यांना पॉलिसीची फार आठवण येई. जेवण झालं की ते पोट पुढे काढून, पाय फाकवून हॉलभर चालत आणि "भविष्याचा विचार केलाय का, साहेब?" असं त्यांच्या आवाजात विचारत. बायको नको नको म्हणत हसायची.

तर या विमावाल्यांनीही कॅमेरा घेतला. दुसऱ्या कंपनीचा, दुप्पट किमतीचा. एकदा लिफ्ट बंद असल्यामुळे मापसाहेब जिन्यात सापडले, तेव्हा विमावाल्यांनी त्यांना फोन काढून दाखवला.

"बघा साहेब, याला माणूस आणि मांजर यातला फरक कळतो. आणि सगळं रेकॉर्डिंग आतल्या कार्डावर. महिन्याला काही भरायला नको. तुमच्याला कळतो का फरक?"

मापसाहेबांच्या कॅमेऱ्याला पडदा आणि माणूस यातलाही फरक कळत नव्हता. पंखा लावला की 'घरात हालचाल आढळली' असा संदेश ऑफिसात येई, आणि ती हालचाल काय होती हे बघायचं तर दरमहा वर्गणी भरा असं पाठोपाठ सांगे. मापसाहेब "आमचा साधा आहे" म्हणाले आणि खाली आले. पण फोन बघताना त्यांच्या तरबेज डोळ्यांनी एक गोष्ट टिपली होती. फोनवरच्या चित्रात विमावाल्यांच्या आरशात तो कॅमेरा दिसत होता, आणि तो हुबेहूब मापसाहेबांच्या कॅमेऱ्यासारखा होता. तेच डोकं, तीच मान, तेच बूड. फक्त नाव वेगळं.

त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही. एकच माल, दोन नावं, दोन किमती! आयुष्यभर ज्या लबाडीच्या मागे ते धावले, ती त्यांच्याच शोकेसवर बसून त्यांच्याकडे टकमक बघत होती.

त्यांनी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ घराण्यातला संगणकतज्ज्ञ मानला जाई. एकदा बहिणीचा पाण्यात पडलेला फोन त्याने तांदळाच्या डब्यात ठेवून जिवंत केला होता, तेव्हापासून हे पद त्याच्याकडे होतं. त्याने कॅमेरा हातात घेऊन उलटा केला, इंटरनेटवर थोडं शोधलं आणि निकाल दिला.

"भाऊजी, दोन्ही एकाच कारखान्यातले आहेत. हाडामांसाने एकच. फरक आहे तो पोटातल्या सॉफ्टवेअरचा, फर्मवेअर म्हणतात त्याला. तिकडचं फर्मवेअर इकडे टाकलं की तुमचा कॅमेरा तो कॅमेरा होईल."

"मग टाक."

"तिकडचा कॅमेरा हातात मिळाला पाहिजे ना."

नेमके त्याच आठवड्यात विमावाले मुलीकडे राहायला निघाले. त्यांना कुंड्यांचा नाद होता. कुंड्यांना पाणी कोण घालणार, असं त्यांनी जिन्यात विचारलं, आणि मापसाहेब लिफ्टमध्ये शिरण्याच्या आत आप्पांनी दारातून परस्पर "आम्ही घालू की" म्हणून टाकलं. विमावाल्यांनी किल्ली आणली. मापसाहेबांनी ती अशा काही सौजन्याने घेतली की विमावाले दारात क्षणभर गोंधळून उभे राहिले. त्यांना नवी पॉलिसी मिळणार असं वाटलं असावं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, बायको बाजारात गेलेली बघून, मापसाहेब आणि मेहुणा वर गेले. आधी कुंड्यांना पाणी घातलं. मापसाहेबांनी पाव लिटरचं माप आणलं होतं. निवडुंगाला पाव लिटर, मोठ्या पामलाही पाव लिटर, पक्षपात नाही. मग कॅमेऱ्याने आपल्याला बघू नये म्हणून ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे सरकत प्लगपर्यंत गेले आणि बटण बंद केलं. कॅमेऱ्याचा निळा दिवा विझला. चोरी करतोय असं मापसाहेबांना वाटलं नाही. जप्ती करतोय असं वाटलं, आणि जप्तीची त्यांना सवय होती.

खाली जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन्ही कॅमेरे उघडले. आत बघून मापसाहेबांच्या डोळ्यांत जवळजवळ पाणी आलं. सर्किटच्या दोन्ही पाट्या सख्ख्या जुळ्या. तेच स्क्रू, तीच तार, आणि कोपऱ्यात गोंदाचा तोच एक ओघळ. "पंचनामा केला पाहिजे याचा," ते म्हणाले. मेहुण्याने लॅपटॉपची तार एका चिमट्याने चिपला जोडली आणि वरच्या कॅमेऱ्याच्या पोटातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. आता ते खालच्यात भरायचं होतं. इथे मेहुणा अडखळला.

"इथे इंटरनेटवर लिहिलंय की शेवटचा तुकडा भरायचा नाही. सोडून द्यायचा."

"सोडून द्यायचा? का?"

"तसं काही सांगितलं नाहीये. सगळे सोडतात, एवढंच लिहिलंय."

मापसाहेब खुर्चीत ताठ झाले. "सगळे सोडतात! प्रत्येक दुकानदार मला हेच सांगतो. अरे, आयुष्यात कमी भरलेलं माप मी पास केलेलं नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर कमी भरू? काठोकाठ भर."

"पण भाऊजी—"

"काठोकाठ!"

मेहुण्याने काठोकाठ भरलं. खालच्या कॅमेऱ्याचे स्क्रू पुन्हा लावून तो शोकेसवर ठेवला, वायर लावली, आणि त्यातून दुसऱ्या कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपलं स्वागत आहे." निळा दिवा स्थिर झाला. मापसाहेबांनी मेहुण्याची पाठ थोपटली. इतकी वर्षं त्याला ते उनाड म्हणत होते, ते त्यांनी त्या क्षणी मनातल्या मनात मागे घेतलं. मग ते वरचा कॅमेरा घेऊन वर गेले आणि तो जिथून काढला तिथेच, टेपने मोजून, पूर्वीच्याच कोनात बसवला. कोन इतका अचूक जमला की ते समाधानाने दोन पावलं मागे सरकून बघत राहिले, आणि त्याच समाधानात कुलूप लावून खाली आले.

खाली येऊन त्यांनी नव्या कंपनीचं ॲप उघडलं आणि कॅमेरा जोडायला घेतला. फोनवर अक्षरं आली: 'हा कॅमेरा दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर आहे. कृपया मालकाशी संपर्क साधा.'

"मालक मीच," मापसाहेब फोनला म्हणाले. फोनने ते ऐकून घेतलं नाही.

"जुनं फर्मवेअर परत टाक," ते मेहुण्याला म्हणाले.

"जुनं?" मेहुणा म्हणाला. "जुनं कुठे उतरवून ठेवलंय? तुम्हाला नवं पाहिजे होतं ना?"

मापसाहेबांनी उनाड हा शब्द पुन्हा जागच्या जागी ठेवला. मेहुण्याने लॅपटॉप आवरला, आपलं ट्रेनिंग असल्याचं त्याला अचानक आठवलं, आणि तो गेला. तेवढ्यात बायको बाजारातून आली. दिव्याकडे बघून तिने विचारलं, "काय हो, झाला का तुमचा कॅमेरा मोठा?"

इथे मापसाहेबांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण पिशव्या हातात धरलेल्या बायकोसमोर, तिच्याच भावाने आणि आपण मिळून चालता कॅमेरा बिघडवला, हे सांगायला जी छाती लागते ती कुठल्याच खात्यात मिळत नाही. "झकास," ते म्हणाले. "आता मांजरसुद्धा ओळखतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन त्यांनी नव्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरीच गाणी ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सर, हा कॅमेरा दुसऱ्यांच्या नावावर दिसतोय."

"ते मालक वेगळे. तो कॅमेरा वेगळा. हा माझा आहे, माझ्या हॉलमध्ये आहे."

"सर, नंबर एकच आहे. सिस्टिमप्रमाणे तुम्ही ज्यांच्या हॉलमध्ये आहात तो हॉल तुमचा नाही."

"मी पंचवीस वर्षं त्या हॉलमध्ये राहतोय!"

"खरेदीची पावती पाठवता का, सर?"

आयुष्यभर दुसऱ्यांकडे पावत्या मागितलेल्या माणसाने पावती पाठवली. "सर, ही दुसऱ्या कंपनीची पावती आहे," मुलगी म्हणाली.

"पण माल एकच आहे! मी स्वतः उघडून बघितलाय."

"उघडलात?" मुलीचा आवाज थंड झाला. "मग वॉरंटी संपली, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

जुन्या कंपनीने तर आणखी कमाल केली. "तुमचा कॅमेरा आमच्याकडे बंद दिसतोय, तो चालू करा." चालू आहे. "चालू असेल तर तो आमचा नाही." असा तो बिचारा कॅमेरा दोन्ही घरांनी हाकलल्यावर शोकेसवर निळा दिवा लावून बसून राहिला.

आणि मापसाहेब ऑफिसात अंधारात. दुपार झाली की त्यांचा हात सवयीने फोनकडे जाई आणि तसाच परत येई. आप्पा पुन्हा पडले तर? साधा फोन करून विचारता आलं असतं. पण दिसत असताना फोन कशाला करतोस, असं आप्पांनी विचारलं असतं, सूनबाईपर्यंत पोचलं असतं, आणि सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून ते फोन न करता घामाघूम होत. एका दुकानदाराचं खोटं माप त्या दिवसांत त्यांनी खरं म्हणून पास केलं, इतकं त्यांचं लक्ष उडालं होतं. दुपारी एकदा विमावाल्यांचा फोन आला, तोही त्यांनी शिरस्त्याप्रमाणे कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मुलीकडे जाऊनही याला पॉलिसी सुचते, असं ते पुटपुटले.

आणि मग घरात एक विचित्र गोष्ट घडू लागली. संध्याकाळी जेवताना आप्पा म्हणाले, "तू दुपारी म्हणालास म्हणून गॅलरीत फेऱ्या मारल्या बरं का. मोकळं वाटलं."

मापसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी दुपारी काही म्हटलेलं नव्हतं. ते एका तेलाच्या दुकानात माप धरून उभे होते. पण बायको कौतुकाने बघत होती. "हो," ते म्हणाले. "फेऱ्या पाहिजेतच."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दाढी केली होती. "तू म्हणालास ना, खुंट वाढलेत." तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. मग गोळ्या वेळेवर. मग एकदा आप्पा आपल्या तरुणपणचा पोहण्याचा किस्सा सांगून हसू लागले आणि म्हणाले, "तुला तर सगळा सांगितला दुपारी. तूही किती हसलास!" मापसाहेब पुन्हा हसले, कारण दुसरं काय करणार.

"अहो," बायको भांडी आवरताना हळूच म्हणाली, "तुम्ही आप्पांशी एवढं बोलता? मला वाटलं नव्हतं. माझ्या फोनवर तर तुम्ही 'हं' म्हणता आणि ठेवता." तिचा आवाज असा होता की मापसाहेबांना ते लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. त्यांनी मान खाली घालून तो मान स्वीकारला. दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारतोय, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं, आणि त्यांना लाजही वाटली, पण शिक्का उमटला होता.

रात्री मात्र त्यांना झोप लागेना. आप्पांना भास होत आहेत, यात त्यांना शंका उरली नव्हती. दिवसभर एकटा माणूस, बंद पडलेल्या कॅमेऱ्याशी बोलतो, आणि तो उत्तर देतो असं त्याला वाटतं. वडील डोळ्यांदेखत हातातून निसटत चाललेत आणि आपण रोज त्यांच्या भासाला 'हो' म्हणतोय, या विचाराने ते अंथरुणात उठून बसले. दुसऱ्या दिवशी ते आप्पांबद्दल विचारायला डॉक्टरकडे गेले.

"त्यांचं बोलणं खोडून काढू नका," डॉक्टर म्हणाले. "दिवसा त्यांच्याशी कोणी बोलतं का?"

"मी बोलतो," मापसाहेब म्हणाले. "कॅमेऱ्यावरून. रोज." डॉक्टरांशीही खोटं बोलून ते बाहेर पडले, आणि तिथल्या तिथे त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. भर दुपारी ऑफिसला दांडी मारून ते घराकडे वळले.

चोरपावलांनी जिना चढून त्यांनी स्वतःच्याच दाराला कान लावला. आत आप्पा बोलत होते. मग थांबले. आणि मग दुसरा एक आवाज आला. मापसाहेबांनी कान दाराला आणखी घट्ट लावला. आप्पांचे भास आता त्यांनाही ऐकू येऊ लागले होते.

"किल्ली विसरलात का?" मागून समोरच्या काकूंनी विचारलं.

"नाही," मापसाहेब कान न काढता म्हणाले. "दार तपासतोय."

"हं," काकू म्हणाल्या आणि दार उघडं ठेवून आत गेल्या, म्हणजे पुढचंही त्यांना दिसावं.

मापसाहेबांनी किल्ली फिरवली. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, पेपर बाजूला ठेवून, शोकेससमोर खुर्ची ओढून बसले होते. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मापसाहेब दारातच थबकले. असा चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"आप्पा, थांबा हं," शोकेसवरून आवाज आला. "दार उघडलं. मापसाहेब आलेत."

तो आवाज जिन्यात, लिफ्टमध्ये आणि जेवणानंतर स्वतःच्याच तोंडून ऐकलेला होता. "विमावाले?" मापसाहेब किंचाळले. "तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

"साहेब, मी मुलीकडे आहे," कॅमेरा शांतपणे म्हणाला. "तुम्हीच माझ्या फोनमध्ये आहात."

मग सगळं बाहेर आलं. विमावाल्यांनी कुंड्या बघायला फोन उघडला, तर कुंड्या नाहीत. हॉल तोच, खिडकी तीच, फरशी तीच, कारण इमारतीतले सगळे हॉल एकाच साच्यातले. पण मधोमध आप्पा बसलेले. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आप्पा वर राहायलाच आले. मग सोफा ओळखीचा वाटेना. त्यांचा स्वतःचा कॅमेरा अचूक कोनात भिंतीवर होता, पण त्याचं बटण मापसाहेबांनी बंद केलं ते बंदच राहिलं होतं. आणि तो शेवटचा तुकडा, सगळे सोडतात तो, त्यात कॅमेऱ्याचं नाव-गाव असतं. मालक कोण, वायफाय कोणाचं, सगळं. मापसाहेबांनी काठोकाठ भरल्यामुळे खालच्या कॅमेऱ्याला आपण वरचेच आहोत अशी प्रामाणिक समजूत होती. वरचं वायफायही तो पाठ करून आला होता.

"तुम्ही मला कळवलं का नाही?" मापसाहेबांनी विचारलं. रागवायला जागा कुठे मिळते का, ते शोधत होते.

"फोन केला होता. तुम्ही कापलात. परत केला, परत कापलात. मग म्हटलं, बंद करून टाकावं. पण आप्पा एकटेच बसलेले दिसत होते. म्हणून विचारलं, जेवलात का? ते बोलायला लागले. मीही इथे दुपारी एकटाच असतो हो. मुलगी, जावई कामावर. सवय लागली."

"म्हणजे संध्याकाळी आम्ही इथे जे बोलतो..."

"संध्याकाळी मी बंद करायचो. एकदा राहिलं." विमावाले खाकरले. "माझी नक्कल छान करता तुम्ही, साहेब. आवाज तर अगदी. चालणं अजून जरा जमायला हवं."

मापसाहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. समोरच्या काकूंच्या दारातून एक खोकला ऐकू आला. विमावाल्यांनी सभ्यपणे "बोला तुम्ही" म्हणून फोन बंद केला. दिवा तेवढा निळा राहिला.

मापसाहेब आप्पांसमोर सोफ्यावर बसले. भास नव्हते, म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि भांडंच दुसऱ्याचं निघालं होतं. "आप्पा, तुम्हाला कळलं नाही का, तो मी नव्हतो?"

"न कळायला काय झालं?" आप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. विमावाला तर स्वतःचं नावसुद्धा सांगत होता. मीच म्हटलं, राहू दे."

"मग रोज जेवताना 'तू म्हणालास, तू म्हणालास' का म्हणत होतात?"

"बघत होतो, तू 'नाही' कधी म्हणतोस ते." आप्पांनी पेपरची घडी केली. "तू रोज हो म्हणत गेलास. मग मलाही मजा यायला लागली. दाढीचं तर मी स्वतःहूनच केलं, ते पण तुझ्या नावावर टाकलं."

"पहिल्याच दिवशी कसं कळलं पण? नाव सांगायच्या आधी?"

"ते तू शोध," आप्पा म्हणाले. "निरीक्षक आहेस ना?"

संध्याकाळी बायकोला काही सांगावं लागलं नाही. जिना चढेपर्यंत काकूंनी तिला सगळं पोचवलं होतं. ती आत आली, कॅमेऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू ओसरलं. "शाळेत सगळ्या बायकांना सांगितलं होतं मी," ती हळू आवाजात म्हणाली, "की आमचे हे असे आहेत म्हणून." एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली. त्या चहात साखर अजिबात नव्हती, पण मापसाहेबांनी तफावत नोंदवली नाही.

विमावाले परत आले तेव्हा त्यांचा निवडुंग पाव लिटरच्या न्यायाने कुजला होता आणि पाम पाव लिटरच्या न्यायाने सुकला होता. मापसाहेबांनी किल्ली परत करताना शब्द जुळवून ठेवले होते, पण विमावाल्यांनी कुंड्यांकडे बघून नुसतं "असू दे" म्हटलं. त्याने ते अधिकच खजील झाले. खाली येऊन त्यांनी शोकेसवरचा कॅमेरा स्वतःच्या हाताने काढला. आता दुपारी विमावाले जिना उतरून येतात आणि आप्पांसमोर प्रत्यक्ष बसतात. माणूस आणि मांजर यातला फरक आप्पांना आपला आपण कळतो.

राहता राहिला आप्पांचा प्रश्न. मापसाहेबांनी तो ऑफिसात, बसस्टॉपवर, मापं भरताना, सगळीकडे घोळवला. आवाज? विमावाल्यांचा आवाज कॅमेऱ्यातून चिरकाच यायचा, त्यांचाही तसाच. शब्द? 'जेवलात का' हेच तर तेही विचारायचे. शब्दाला शब्द, तोच माल. मग फरक कुठे होता?

शेवटी एका दुपारी त्यांनी डबा बाजूला सारला आणि घरी साधा फोन लावला. आप्पांनी उचलला.

"आप्पा, जेवलात का?"

'बरं' हा शब्द सवयीने जिभेवर आला. अंगठा फोन बंद करायला निघाला. मापसाहेबांनी तो थांबवला, आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे आप्पांचा श्वास ऐकू येत होता.

मग आप्पा संशयाने म्हणाले, "आवाज तर आमच्या चिरंजीवांचा वाटतो. पण तो एवढा थांबत नाही. खरं सांगा, कोण बोलतंय?"